सव्वीस जुलैची ओळ

१७ मे २००९, रविवार, दुपार. ठिकाण : उल्हासनगरमधले एक हॉस्पिटल, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. उपस्थित : यशवंत तांबे, म्हणजे आमचे तांबेभाऊ, त्यांच्या पत्नी विमलवहिनी, त्यांची मुलगी सुजाता, आणि मी, त्यांच्या समोरच्या दारातली शेजारीण. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि सभेची नोंद अशीच सुरू करायची मला सवय आहे. त्या दुपारबद्दल लिहायला बसले तेव्हा दुसरी सुरुवात सुचेना, म्हणून हीच राहू दिली.

वहिनी आणि सुजाता खाली औषधे आणायला गेल्या तेव्हा भाऊंनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितले. मला वाटले, उद्याच्या फळ्याबद्दल काही सांगायचे असेल. बदलापुरात कात्रपच्या आमच्या बुद्धविहाराच्या भिंतीवर भाऊ रोज एक फळा लिहीत, ‘आजचा दिवस’ नावाचा. ते हॉस्पिटलात आल्यापासून तो मी लिहीत होते. भाऊ म्हणाले, “सुधाताई, यंदा सव्वीस जुलैला सुमेधचं नाव लिहा. स्मृतिदिन म्हणून लिहा. विमलला एक दिवस पाहिजे... मी फार ताणलं.”  मी विचारले, “काही पुरावा मिळाला का भाऊ?” त्यांनी मान हलवली. नाही. “तरी लिहा,” म्हणाले, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

सुमेध हा त्यांचा मुलगा. २००५ सालच्या त्या मोठ्या पावसात, सव्वीस जुलैला, उल्हासनगरच्या कामावरून घरी यायला निघाला आणि पोचला नाही. त्याचा मृतदेह मिळाला नाही, चप्पल नाही, डबाही नाही. तेव्हापासून भाऊंनी त्याला एकदाही ‘गेला’ म्हटले नव्हते, कोणाला म्हणू दिले नव्हते. त्या एका शब्दावरून त्या घरात काय काय झाले ते मी समोरच्या दारातून पाहिले आहे. म्हणून त्यांचे ते ‘लिहा’ ऐकून मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण तसे वाटले नाही. एखाद्या माणसाने इतकी वर्षे दोन्ही हातांनी धरलेली वस्तू आपल्या हातात दिली की कळते, ती किती जड होती.

भाऊ अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही हे बघणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. एकदा मोजून ते कधी सही करत नसत. दुसऱ्या गेजने पुन्हा मोजायचे, दोन्ही मापे जुळली तरच पास. “आणि नापास करतानाही दोनदाच मोजायचं, ताई,” ते सांगायचे. “नापास झालेल्या तुकड्याचं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून त्याला जास्त सांभाळायचं.” निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. मसुराची डाळसुद्धा दुकानात एकदा आणि घरी एकदा मोजली जाई, आणि विमलवहिनी दारातून मला खुणेने दाखवत, बघा, चाललंय.

फळ्याची सुरुवात अगदी साधी झाली. विहाराच्या कुंपणाच्या भिंतीवर सिमेंटचा एक काळा फळा होता, पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमांच्या सूचना लिहायला. एका वीस मार्चला भाऊंनी त्याच्या कोपऱ्यात लिहिले, आजच्या दिवशी १९२७ साली महाडला माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे जाणारी माणसे त्याच कोपऱ्याकडे बघत थांबली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले, काका, आज काही नाही? झाले. सूचनांसाठी दुसरा फळा आणावा लागला. १६ एप्रिल, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी, १८५३. २५ जून, आणीबाणी, १९७५. २६ नोव्हेंबर, संविधान सभेने संविधान स्वीकारले, १९४९. हे दिवस सगळ्यांना ठाऊक असतात. भाऊंना बाकीच्यांची काळजी. “मोठ्या दिवसांना सुट्टी मिळते. साध्या दिवसांचं कोण बघणार?” असे म्हणून ते उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे जुनी वर्तमानपत्रे चाळत बसत, वाचनालयात बसत, आणि कुठला तरी संप, कुठला तरी पूल, कुठली तरी बुडालेली बोट, कुठल्या तरी गावात मुलींची पहिली शाळा, असे काहीतरी घेऊन येत. देश एका दिवसात झाला नाही, तो रोज थोडा थोडा होतो, आणि ज्या दिवशी आपल्याला काही सापडत नाही तो दिवस रिकामा नसतो, आपला शोध अपुरा असतो, असे त्यांचे म्हणणे. फळा त्यांनी एकही दिवस कोरा ठेवला नाही.

मजकुराखाली बारीक अक्षरात ‘पुरावे’ असे लिहून एक आणि दोन असे आकडे. कुठल्या पुस्तकात, कुठल्या वर्तमानपत्रात. दोन पुरावे मिळाले नाहीत तर ती गोष्ट फळ्यावर येत नसे, मग ती कितीही चांगली असो. रिक्षास्टँडवरची पोरे चिडवत, “काका, इतिहासाची पावती पण देता वाटतं?” भाऊ खडू न थांबवता म्हणत, “पावती नसली की माल परत घेत नाहीत रे.” किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी त्यांनी मेलेल्यांचा आकडा लिहिला नाही, कारण दोन ठिकाणी दोन आकडे होते. पानशेतच्या दिवशीही नाही. मी म्हटले होते, अंदाजे लिहा ना, ‘सुमारे’ म्हणा. ते म्हणाले, “सुमारे माणूस कसा मरेल?”

फळ्याखाली बदलापूर गावातली पारूबाई भाजी घेऊन बसे. तिला वाचता येत नसे. सकाळी भाऊ आले की तिचा एकच प्रश्न, “काका, आज कोन मेला?” कारण दर दोन दिवसांनी कोणाची तरी पुण्यतिथी निघेच. भाऊ म्हणत, “आज कोणी नाही मेलं, पारूबाई. आज जन्मला.” मग ती म्हणे, “बरा झाला. न्या मग मेथी.” दोघांचा हा रोजचा खेळ होता. त्या सव्वीस जुलैनंतर पारूबाईने तो प्रश्न विचारणे सोडले.

त्या मंगळवारी दुपारी सुमेधने कामावरच्या फोनवरून आईला सांगितले होते, गाड्या बंद आहेत, चालत निघतोय. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने त्याला संध्याकाळी वालधुनी नदीच्या बाजूला पाहिले. कोणाची तरी हातगाडी पाण्यातून ओढायला तो लागला होता. त्यानंतर कोणीच पाहिले नाही. इकडे बदलापुरात उल्हास नदी घरांमध्ये शिरली होती, आमचा रस्ता उंचावर म्हणून आम्ही वाचलो. पाणी उतरल्यावर मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. एका कागदाचे चार भाग केले आणि वाटून टाकले : हॉस्पिटले एकाकडे, आसरा दिलेल्या शाळा एकाकडे, पोलीस चौक्या एकाकडे, नदी-नाल्याचे काठ विहारातल्या तरुणांकडे. काम वाटून दिले की होते, असा माझा जन्मभराचा अनुभव. हे काम झाले नाही. संध्याकाळी कागदाचे चारही तुकडे परत आले, सगळ्या नावांवर काट मारलेली, आणि मी ते जिन्यात उभी राहून परत परत वाचत होते, एखादे ठिकाण राहिले असेल म्हणून. राहिलेले नव्हते. पुढचे कित्येक दिवस भाऊ चिखलात फिरत राहिले. शवागारात ते प्रत्येक चेहरा दोनदा बघत. एकदा जाऊन यायचे, बाहेर पाणी प्यायचे, आणि पुन्हा आत. तिथला माणूस मला म्हणाला, बाई, यांना आवरा. मी काय आवरणार... मला त्या वासाने आत जाता येत नव्हते.

पावसाळा सरला. विहारातली जाणती माणसे घरी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, गेलेल्यासाठी करतात तो जलदानविधी करून घेऊ, वहिनींना बरे वाटेल. भाऊंनी सगळ्यांना चहा दिला, आणि शांतपणे सांगितले की सुमेध शेवटचा दिसला एवढेच आपल्याकडे आहे, आणि तेही एकाच माणसाच्या तोंडून. शेवटचा दिसला म्हणजे गेला नव्हे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाहुणे गेल्यावर कपबशा उचलताना एक बशी त्यांनी भिंतीवर फेकली. मी तेव्हा तिथेच होते. भाऊंनी वाकून तुकडे गोळा केले.

त्यानंतर भाऊंचे रविवार ठरून गेले. कोणी सांगे, कर्जतकडे एका आश्रमात स्मृती गेलेला मुलगा आहे. कोणी सांगे, ठाण्याला वेड्यांच्या दवाखान्यात बघा. भाऊ फोटो घेऊन जात आणि परत येत. सुरुवातीला वहिनी बरोबर जात, मग त्यांनी ते सोडले. त्या मला म्हणत, “हे परत येतात ना, तेव्हा मी यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. पायांकडे बघते. दोन आहेत की चार.” असे म्हणून त्या हसत, आणि ते हसू बघवत नसे.

सव्वीस जुलै हा आमच्या विहाराच्या वर्षातला आनंदाचा दिवस होता. त्या तारखेला १९०२ साली कोल्हापूर संस्थानात निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. भाऊ दर वर्षी तो मोठ्या अक्षरात, रंगीत खडूने लिहीत, आणि पहिला पुरावा म्हणून करवीर सरकारच्या गॅझेटचे नाव घालत. आमच्यापैकी कितीजण नोकरीला लागले, शिकले, फ्लॅट घेऊन कात्रपला आले, त्याची मुळाक्षरे त्या दिवसात आहेत असे ते म्हणत. आता तोच दिवस या घरावर कोसळला होता. २००६ साली काय करायचे, कोणालाच कळेना. शेवटी विहाराच्या कमिटीतल्या कोणीतरी प्रेमापोटी, भाऊ यायच्या आधी, फळ्यावर लिहून टाकले : ‘सुमेध यशवंत तांबे यांचा प्रथम स्मृतिदिन. विनम्र अभिवादन.’ वहिनींना त्यांनी आधी सांगितले असावे, कारण त्या पांढरी साडी नेसून, हातात फुले घेऊन आल्या होत्या. भाऊ आले, वाचले, आणि डस्टर न घेता तळहाताने ती ओळ पुसली. मग खडूचा डबा उघडून १९०२चा हुकूम लिहायला लागले. हात पांढरा, शर्टाची बाही पांढरी, अक्षर मात्र नेहमीसारखे सरळ.

वहिनींनी फुले खाली ठेवली. रस्त्यावर माणसे थांबलेली. त्या ओरडल्या नाहीत. “साऱ्या देशाला तारीख देता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोराला एक द्यायला काय होतंय?”

“तारीख दिली की शोध संपतो, विमल.”

“शोध कधीच संपलाय. तुमचाच चालूय.” आणि मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, “मला रडायला एक दिवस द्या हो. बाकीचे सगळे दिवस मी काम करीन.”

भाऊ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. पारूबाईने ती फुले उचलून आपल्या टोपलीत, भाजीवर ठेवली आणि वहिनींना हाताला धरून घरी नेले. त्या दिवशी तिची मेथी तशीच उन्हात वाळली.

पुढच्या दोन वर्षांचे काय सांगू... समोरच्या घरात दोन माणसे राहत होती आणि दोन वेगळ्या घरात राहिल्यासारखी राहत होती. एक रोज दार उघडे ठेवणारा, एक रोज लावून घेणारी. वहिनींनी सुमेधचे कपडे एकदा गाठोडे बांधून देऊन टाकायला काढले, ते भाऊंनी जिन्यातून परत आणून घडी घालून ठेवले. जेवायला तिसरे ताट मांडायचे की नाही यावरून त्यांच्यात भांडण झाले नाही, कारण वहिनींनी स्वतःच ताट घेणे सोडून दिले. त्या ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खात. मी दोघांकडे जात असे. एकाला समजवायला गेले की दुसऱ्याशी बेइमानी केल्यासारखे वाटे. सुजाता लग्न होऊन कुळगावात राहायला गेली होती; ती आली की आईजवळ बसून रडे आणि बाबांजवळ बसून ‘हरवला आहे’चे फोटो लावायच्या जागा ठरवी.

२००८ची सव्वीस जुलै शनिवारी होती. मला कामाला सुट्टी, म्हणून सकाळी निवांत फळ्यापाशी गेले. हुकूम लिहून झाला होता. त्याच्या खाली, पहिल्यांदाच, भाऊंनी त्या पावसाबद्दल लिहिले होते. आकडा नव्हता, बुडालेली गावे नव्हती. एवढेच : ‘२००५. अतिवृष्टी. या दिवशी कामावरून निघालेले काही लोक अजून घरी पोचलेले नाहीत.’ आणि त्याखाली, नेहमीच्या बारीक अक्षरात, पुरावे. एक : आई. दोन : वडील.

मी वाचून मागे वळले तर वहिनी उभ्या होत्या. हातात दुधाची पिशवी. त्यांनी ते हळूहळू, ओठ हलवत वाचले. ‘आई’ या शब्दावर त्यांची नजर किती वेळ होती ते मी सांगू शकणार नाही.  त्या दिवसापासून त्यांनी तारीख मागितली नाही. मला वाटले, बाई थकली. भाऊंनाही तसेच वाटले असणार. त्यांनी मला दोन-तीनदा विचारले, “विमल बोलत का नाही आता? भांडत का नाही?” तिचे न भांडणे त्यांना भांडणापेक्षा जास्त लागले. हिवाळ्यात त्यांच्या किडन्यांचे निघाले, डायलिसिस सुरू झाले, वजन उतरत गेले, आणि त्या दुपारी खाटेवर पडून त्यांनी तिच्यासाठी जे चार वर्षे दिले नव्हते ते देऊन टाकले. मला सांगून. तिला सांगितले नाही.

अठरा मेला सकाळी मी फळ्यावर पोखरणचा पहिला अणुस्फोट लिहीत होते, १९७४. ‘पोखरण’ लिहून झाले आणि सुजाताचा फोन आला. फोन ठेवला, पण खडू हातातच राहिला. पारूबाईने माझ्याकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला. “आज कोन मेला, बाय?” मी सांगितले. तिने पदर तोंडाला लावला. मी उरलेली ओळ पूर्ण केली, दोन्ही पुरावे लिहिले आणि मग रिक्षा पकडली. विहारातल्या मंडळींनी नंतर म्हटले, खाली भाऊंचे नाव लिहायचे. पण घरचे काही फळ्यावर लिहायचे नाही हा त्यांचाच नेम होता, तो त्यांनी एकदाच मोडला होता. मी लिहिले नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठीच्या सभेच्या, कार्डाचे काम माझ्याकडे आले. आमच्याकडे कार्डावर वर गेलेल्याचे नाव असते, ‘कालकथित’ असे लावून, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावे. मी मजकूर तयार केला तो असा : वर कालकथित यशवंत तांबे आणि कालकथित सुमेध तांबे, दोघांचे एकत्र पुण्यानुमोदन, खाली पत्नी, मुलगी, जावई. भाऊंचे शेवटचे सांगणे तसे होते, वहिनींचे इतक्या वर्षांचे मागणेही तेच, सुजातालाही पटले. सगळ्या बाजूंनी बसत होते. कागद घेऊन मी वहिनींकडे गेले आणि भाऊ हॉस्पिटलात काय म्हणाले तेही शब्दशः सांगितले.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “यांना दुसरा पुरावा मिळाला होता का?”

“नाही वहिनी.”

“पहिला?”

“तोही नाही.”

“मग?” त्यांनी कागद हातात घेतला आणि सुमेधच्या नावावर बोट ठेवले. “हे खाली घ्या. शोकाकुलमध्ये. माझ्या नावाच्या खाली, सुजाताच्या वर. मुलगा आहे तो.” मी काही बोलायला गेले तर त्यांनी मला थांबवले. “ते माझ्यासाठी म्हणाले, सुधाताई. स्वतःच्या मनाने नव्हे. फळ्यावर त्यांनी मला पुरावा केलंय, साऱ्या गावाने वाचलंय. माझ्यापुढे त्यांचं नाव असतं तर गोष्ट वेगळी. मला आधी घातलं... आता मी साक्ष फिरवू कशी?”

सुजाता आतून आली. ती म्हणाली, “आई, तूच तर मागत होतीस.” वहिनी म्हणाल्या, “तेव्हा ते होते ना दार उघडं ठेवायला.”

छापखाना उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. मालक लछमनशेठ भाऊंच्या ओळखीचे. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ते भाऊंसाठी बाजूला काढून ठेवत. पहिला मजकूर मी फोनवर सांगून ठेवला होता, तो त्यांनी जुळवलाही होता. “मॅडम, ऊपर का नाम नीचे? तांबेसाबचा मुलगा तर...” आणि ते थांबले. मी म्हटले, आईने सांगितलंय. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सांगितले, अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत, की त्यांचा एक चुलता फाळणीत मागे राहिला. बंदरावर म्हणे सामान आणायला गेला आणि बोट सुटली. आजी इथे निर्वासितांच्या कॅम्पात येऊन म्हातारी होऊन वारली. “दादी बोली, आएगा. दादी गई, चाचा नहीं आया. आम्ही आजपण त्याचा श्राद्ध घालत नाय. कोण घालणार? जो घालेल तो त्याला मारेल.” त्यांनी स्वतः बसून नाव वरून काढले आणि खाली बसवले. “तांबेसाबने मला किती वेळा विचारला, शेठ, चाचाची तारीख सांगा, फळ्यावर घेतो. मी बोललो, तारीख कुठे आहे? घर सोडला ती तारीख नाय माहीत, मेला ती पण नाय.”

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. सूत्रसंचालकाने शोकाकुल कुटुंबीयांची नावे वाचली. पत्नी विमल. मुलगा सुमेध. आणि तिथे, कोणी ठरवले नसताना, बसलेल्यांतल्या कितीतरी माना दाराकडे वळल्या. माझीही वळली. दारात चपलांचा ढीग होता आणि ऊन होते. वहिनी तेवढ्या समोर बघत होत्या.

आता जुलै लागला आहे. भाऊंच्या मागे फळा बंद पडू नये म्हणून मी महिन्याचे दिवस विहारातल्या मंडळींना वाटून दिले आहेत. कोणाची कुठली तारीख, दोन पुरावे कोण तपासणार, खडू कोण आणणार, सगळे ठरले आहे. पानशेतचा दिवस सुजाताने मागून घेतला. सव्वीस तारखेपाशी आले की प्रत्येक जण म्हणतो, ते तुम्ही बघा सुधाताई. यंदा ती रविवारी येते आहे, रस्त्यावर वाचायला सगळी माणसे असणार.

मी दोनदा लिहून पाहिले. भाऊंनी सांगितले तसे ‘स्मृतिदिन’ लिहावे, तर त्याला एकही पुरावा नाही आणि आईचा नकार आहे. गेल्या वर्षीचेच वाक्य लिहावे, अजून घरी पोचलेले नाहीत, तर त्याच्या दोन पुराव्यांतला एक मे महिन्यात आपणच कार्ड छापून कालकथित केला. आई उरली. एका पुराव्यावर भाऊंनी कधी काही लिहिले नाही. मी सुजाताला विचारले, दुसरा पुरावा म्हणून तुझे नाव घालू का, बहीण म्हणून. तिने आईकडे पाहिले, आणि मग मला म्हणाली, “ताई, मला खरंच माहीत नाही हो.” खोटे कशाला बोलेल ती. मलाही माहीत नाही. आणि ती जागा कोरी सोडावी, तर भाऊ काय म्हणाले असते ते मला पाठ आहे.

१९०२चा हुकूम लिहायला मला वेळ लागणार नाही. त्याचे दोन्ही पुरावे तयार आहेत. त्याच्या खालची ओळ व्हायची आहे.